डाव्या बाजूचा सांधा

आळेफाट्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत माझी पत्र्याची शेड आहे. तिथं पंधरा-सोळा वर्षं मी जुन्या मोटरसायकली बदलून देत होतो. बदलून म्हणजे मुद्दाम बदलून. जुनी गाडी कंपनीतून आली तशी करून देणारे मिस्त्री वेगळे. मी शिकलो अशाच एका उस्तादाच्या हाताखाली, पुण्यात. त्याच्याकडे एक नट जरी नव्या ठशाचा बसवला तरी तो काढायला लावायचा. रंगाचा नमुना उन्हात धरून, सावलीत धरून बघायचा. हात त्यानं घडवला, पण मन काही माझं तिथं लागलं नाही. त्या गाड्या तयार झाल्या की झाकून ठेवल्या जायच्या. वर्षातून एकदा बाहेर काढायच्या, फोटो काढायचे आणि परत झाकायच्या.

मी गावी परत आलो आणि उलटं काम सुरू केलं. आळ्याचा एक दूधवाला होता, त्याच्या जुन्या बुलेटची मागची चौकट नऊ इंच वाढवून चार किटल्या सरळ उभ्या राहतील अशी केली. एका निवृत्त फौजीचा उजवा गुडघा वाकत नव्हता. त्याच्यासाठी किकचा दांडा बदलला आणि पाय ठेवायची जागा पुढं नेली. गाडीवर बसून त्यानं पाय लांब केला तेव्हा त्याच्या तोंडावर जे आलं ते बघून मला वाटलं, आपलं काम हेच. गाडी माणसाला बसली पाहिजे. चार लोकांत मी हे वाक्य फार मिरवलं.

माझ्या धाकट्या बहिणीला निरगुडसरला दिली आहे. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, बैलगाडा शर्यतीत माइकवर बोलायचे. आमच्या जुन्नर-आंबेगावात जत्रा आली की घाट आला, म्हणजे शर्यतीची चढाची वाट, आणि घाट आला की गाडे आले. बैल सुटल्यापासून झेंडा पडेपर्यंत दहा-बारा सेकंदांचा खेळ. तेवढ्या वेळात बैलांचं वर्णन करायचं, गाडामालकाचं गाव सांगायचं, मागच्या साली काय झालं त्याची आठवण द्यायची, आणि सेकंद जाहीर करताना हजारो माणसांना श्वास रोखायला लावायचा. दाजींना ते येत होतं. आवाज तर होताच, पण त्यांची आठवण दांडगी होती. कुठल्या बैलाची आई कुणाच्या गोठ्यातली, हे त्यांना तोंडपाठ. डाव्या हातात नावांच्या चिठ्ठ्या, उजव्या हातात माइक. घरात मात्र माणूस अगदी मऊ. माझ्या बहिणीला भाकरी थापताना पाणी हवं असलं की तिनं न मागता हे उठून द्यायचे.

त्यांना बुलेट हवी होती. मंचरला कापडाच्या दुकानातले एक म्हातारे शेठ होते. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ बोलायचे ते आपल्यासारखंच. त्यांनी तरुणपणी घेतलेली गाडी गोदामात ताडपत्रीखाली उभी होती. गुडघे गेल्यामुळे किक मारता येत नव्हती आणि मुलं मोटारीत फिरायची. दाजींचा आवाज शेठनी जत्रेत ऐकला होता, म्हणून गाडी दाखवायला तयार झाले. मी ताडपत्री ओढली. काळा रंग, टाकीवरच्या सोनेरी रेघा हातानं मारलेल्या, एक सुद्धा पार्ट बदललेला नाही. माझे पुण्याचे उस्ताद असते तर तिथंच हात जोडून उभे राहिले असते.

सौदा झाल्यावर दाजी मला म्हणाले, "पावणं, लांबून गाडी दिसली की लोकांनी म्हनलं पायजे, आला बोलनारा. अशी करा."

मी केली. टाकी हळदीसारखी पिवळी केली. सीट बसकी आणि रुंद केली. माइकसाठी कातडी पिशवी शिवून घेतली आणि टाकीच्या बाजूला पट्ट्यानं अडकवली. पुढचं चाक थोडं पुढं काढलं. आणि हँडल उंच केलं. दाजींना ते खांद्याच्या बरोबरीला हवं होतं, हात पसरून बसता येईल असं. तसं तयार हँडल मिळत नव्हतं, म्हणून मी जुनंच दोन्ही बाजूंनी कापलं आणि मध्ये सहा-सहा इंचाचे पाइपचे तुकडे घातले.

इथं मला नीट सांगायला हवं. पाइपाला पाइप जोडताना आत एक बारीक पाइप घालतात, बाहेरच्याला घट्ट बसेल असा. त्याला आम्ही स्लीव्ह म्हणतो. सांध्याचा सगळा जोर तो घेतो. माझ्याकडे त्या मापाची स्लीव्ह नव्हती. लेथवाल्या टर्नरकडून करून आणायला एक दिवस गेला असता. हँडल पॉलिशला न्यायला पुण्याची गाडी त्याच दिवशी दुपारी येणार होती, आणि तीन दिवसांनी महाळुंगे पडवळची जत्रा होती. मी स्लीव्ह न घालता नुसतं वेल्ड मारलं. वेल्ड चांगलं उतरलं होतं. मग ते दिसू नये म्हणून ग्राइंडरनं घासून सपाट केलं. घासलं की सांध्यावरचं मांस, म्हणजे लोखंडाची जाडी, जाते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वर चकचकीत पॉलिश झाल्यावर सांधा कुठं आहे तेही कळेना. दाजी हँडलवरून बोट फिरवत म्हणाले, "आरं, हे तर अखंडच हाय."

मी हसलो. मला बरं वाटलं.

दोन हंगाम ती गाडी फिरली. घाटावर पोरं तिच्याबरोबर फोटो काढायची. लोक मला शेडमध्ये येऊन सांगायचे, तुमच्या पावण्यांची गाडी पाहिली, तशीच करा. मी केल्या. तशी उंच हँडलं आणखी तीन केली. त्या तिन्हींत स्लीव्ह घातली, कारण तेव्हा घाई नव्हती. दाजींचं हँडल उतरवून, आत स्लीव्ह घालून परत जोडावं असं एकदा मनात आलं होतं. जत्रा संपल्या की करू म्हणालो. जत्रा संपल्या आणि मी विसरलो. विसरलो हा शब्द खरा आहे का, मला आजही सांगता येत नाही.

तिसऱ्या साली दाजी दुपारचे एका घाटावरून घरी निघाले होते. निरगुडसर दोन-तीन किलोमीटर राहिलं असेल. रस्त्यावर नवीन गतिरोधक घातला होता, त्याला पांढरे पट्टे मारलेले नव्हते. गाडी त्याच्यावरून उडाली आणि दाजी डाव्या अंगावर पडले. बांधावर गवत कापणाऱ्या एका बाईनं आरडाओरडा करून माणसं गोळा केली.

मी मंचरच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते, पण पडण्याच्या आधीचं काही आठवत नव्हतं. घाटावर चहा प्यायलो, एवढंच सांगत होते. डावा हात अंगाशेजारी ठेवलेला होता. त्याला खरचटलं सुद्धा नव्हतं. मला वाटलं, थोडक्यात वाचले.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोतून माझ्या शेडवर आली. टेम्पोवाला म्हणाला, "हँडल पार मोडलंय, राव. काय आपटली आसंल!"

तो गेल्यावर मी हँडल बघितलं. डाव्या बाजूचा खालचा सांधा सुटला होता. मूठ आणि वरचा पाइप क्लचच्या केबलला लोंबत होता. मोडलेलं तोंड मी फडक्यानं पुसलं. अर्धं तोंड चकचकीत होतं, ताजं तुटलेलं. उरलेलं अर्धं तांबूस, गंजलेलं. म्हणजे ते अर्धं फार आधीच, कित्येक महिन्यांपूर्वी फाटलं होतं. पॉलिशखाली चीर रोज थोडी थोडी पुढं सरकत होती आणि दाजी रोज त्याला धरून बसत होते. पडल्यामुळं हँडल मोडलं नव्हतं. हँडल मोडलं म्हणून दाजी पडले होते.

मी ग्राइंडर लावला आणि दोन्ही तोंडं कापून टाकली. कापलेल्या चकत्या भंगारच्या डब्यात गेल्या, डबा भंगारवाल्याकडं गेला. नेहमीसारखंच काम केलं. विचारील त्याला मी सांगितलं, पडल्यावर हँडल मोडलं. बहिणीलाही तेच. ती म्हणाली, "जाऊ दे रं दादा, गाडीचं काय घिऊन बसलास. मानूस वाचलं."

पुण्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की मान एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला जाऊन हाताच्या नसा मुळातून उपटल्या गेल्यात. ऑपरेशन झालं. मांडीतून नस काढून इकडं लावली. दीड वर्ष व्यायाम, शेक, विजेचे झटके. हात आला नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत तो फक्त लटकत राहिला, आणि हळूहळू बारीक होत गेला. त्याला सुई टोचली तरी कळत नसे. पण तोच हात आतून जळायचा. दाजी सांगायचे, उकळत्या तेलात हात धरलाय आणि काढता येत नाही, असं. ती कळ कधीही यायची. जेवता जेवता ताटावरून उठून भिंतीला कपाळ लावून उभे राहायचे. माझी बहीण त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. कळ गेली की दोघं परत जेवायला बसायचे. मी समोर बसलेला असायचो आणि माझा घास तोंडातच राहायचा.

एक दिवस दाजी एसटीनं माझ्या शेडवर आले. डावा हात गळ्यातल्या पट्ट्यात. पिवळी टाकी मी कोपऱ्यात पोत्यानं झाकून ठेवली होती. त्यांनी पोतं उचललं.

"पावणं, मला परत बसायचंय."

"दाजी, क्लच डाव्या हातात आस्तो."

"म्हनूनच तर तुमच्याकडं आलो. दूधवाल्याला करून दिली, फौजीला करून दिली. आता माझ्यासारखी करा."

मी पुढचे सहा महिने दुसरं काम घेतलं नाही. असं काम मी आधी कधी केलं नव्हतं आणि आता कधी करणारही नाही. क्लचचा लिव्हर उजव्या मुठीवर आणला. मग पुढच्या ब्रेकला जागा राहिली नाही, म्हणून पुढचा आणि मागचा दोन्ही ब्रेक डाव्या पायाच्या एकाच पट्टीला जोडले. कुणाला किती ओढ द्यायची हे जमेपर्यंत पंधरा दिवस गेले. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात असतो, तो तसाच ठेवला. एका हातानं तोल जाऊ नये म्हणून डाव्या बाजूला साइडकार बनवली, तिसऱ्या चाकावर. तिची चौकट मी तीनदा केली. दोनदा नुसत्या संशयावरून कापून टाकली. हँडल नवीन, अखंड पाइपचं, एकही सांधा नाही, खाली आणि उजवीकडं झुकलेलं, फक्त त्यांच्या हाताच्या मापाचं. जिथं म्हणून वेल्ड होतं तिथं आत स्लीव्ह, आणि वर वेल्डची जाड वळी तशीच ठेवली. एकही घासली नाही. बघणारे म्हणायचे, "फिनिशिंग राहिलं, राव." मी म्हणायचो, ऱ्हाऊ दे.

बहीण दर आठवड्याला डबा घेऊन यायची. साइडकारवर हात फिरवायची. एकदा म्हणाली, "दादा, सख्खा भाऊ करनार न्हाई येवढं तू त्येंच्यासाठी करतूयास." मी म्हणालो, "अगं, मी सख्खाच हाय तुझा." ती हसली आणि मग डोळ्याला पदर लावला. तिच्या डब्यात मेथीची भाजी होती. ती गेल्यावर मी डबा बाहेरच्या कुत्र्यांपुढं रिकामा केला.

गाडी तयार झाली. निरगुडसरच्या शिवारातल्या कच्च्या रस्त्यावर दाजींनी ती आधी हळू चालवली, मग जोरात. कालव्यापर्यंत जाऊन आले. माझी बहीण साइडकारमध्ये बसली होती, पदर दातात धरून. दाजी उतरले आणि उजव्या हातानं मला जवळ ओढलं. त्यांच्या अंगाला पेट्रोलचा आणि घामाचा वास येत होता. त्या क्षणी मला वाटलं, फिटलं. माणूस किती मूर्ख असतो ते अशा वेळी कळत नाही.

त्या साली महाळुंगे पडवळच्या जत्रेला ते गाडीवरून गेले. मी मागून माझ्या गाडीवर होतो. पिवळी टाकी दिसताच माणसं उठून उभी राहिली, शिट्ट्या झाल्या. त्यांना हाताला धरून स्टेजवर नेलं. पहिल्याच बारीला, पहिला गाडा सुटतानाच, अडचण कळली. उजव्या हातात माइक धरला तर चिठ्ठ्या धरायला हात नव्हता. एक कार्यकर्ता चिठ्ठ्या समोर धरून उभा राहिला, पण तो भलतीच पुढं करायचा. तरी तीन-चार गाडे दाजींनी आठवणीवर नेले. आवाज तोच होता. मी घाटाच्या कडेला उभा राहून डोळे मिटून ऐकत होतो.

पाचवा गाडा सुटला. "आला, आला, आला..." आणि आवाज थांबला. मी डोळे उघडले. दाजी माइक छातीशी धरून खाली वाकले होते. कळ आली होती. बैल वर पोहोचले, झेंडा पडला, आणि हजारो माणसं सेकंद ऐकायला कान देऊन बसलेली. माइकमधून फक्त त्यांच्या दातांतून श्वास ओढण्याचा आवाज येत होता. शेवटी दुसऱ्या एकानं त्यांच्या हातातून माइक घेतला आणि सेकंद सांगितले.

पुढच्या जत्रेला बोलावलं ते बोलायला नव्हे, सत्काराला. शाल, नारळ, फेटा. निवेदक दुसराच होता. तो म्हणाला, "एका हाताचा वाघ! याला म्हनत्यात जिद्द!" दाजींना गाडीसकट घाटात एक फेरी मारायला लावली. त्याचं शूटिंग झालं, वर गाणं लावून ते मोबाइलवर फिरलं. माझी शेड, माझी साइडकार, माझंही कौतुक त्यात होतं. लांबलांबून फोन आले. दाजींनी तो व्हिडिओ एकदा पाहिला. मग त्यांनी गाडी गोठ्याशेजारी लावली आणि दोन महिने तिला हात लावला नाही. शाल त्यांनी माझ्या बहिणीला दिली आणि सांगितलं, कालवडीच्या अंगावर टाक, तिला सर्दी झालीय.

मी सांगायचं ठरवलं ते याच दिवसांत. का ठरवलं, याचं तेव्हाचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. मला वाटत होतं, खोटेपणाचं ओझं आता सहन होत नाही. एका दुपारी निरगुडसरला गेलो. बहीण बाजाराला मंचरला गेली होती. दाजी कालव्याच्या कडेला बाभळीखाली बसले होते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. स्लीव्ह, घाई, घासलेलं वेल्ड, तांबूस तोंड, ग्राइंडर, भंगारचा डबा. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं सांगू शकलो नसतो.

दाजींनी पट्ट्यातला डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "कधीपासून म्हाईत हाय तुला?"

"दुसऱ्या दिवसापासनं."

"चार वर्षं."

"व्हय."

"आनि तुझ्या भैनीला?"

"न्हाई सांगितलं."

मी म्हणालो, "दाजी, मला मारा, शिव्या द्या. काय बी करा."

ते माझ्याकडं वळले. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते दमलेल्या माणसासारखे दिसत होते, पार घाट चढून आलेल्या.

"चार वर्षं मी म्हनत व्हतो, नशिबानं केलं. गतिरोधकानं केलं. नशिबाला शिव्या देता येत्यात, त्ये परत बोलत न्हाई. त्येच्यासंगं मी जगाया शिकलो व्हतो. आता कळ आली की मला तुझं त्वांड दिसनार. तुझ्या भैनीचं आनि तुझं त्वांड एकसारखं हाय, म्हाईत हाय ना तुला? तिनं पाठीवर हात ठिवला की मला तूच दिसनार. का सांगितलंस? माझ्यासाठी सांगितलंस का तुझ्यासाठी?"

मी बाभळीची पडलेली काटकी उचलून पाण्यात टाकली.

"तुझा भार उतरला आसंल तर जा," ते म्हणाले. "तिला सांगू नगंस. तिला एकच भाऊ हाय."

भार उतरला नव्हता. मला वाटायचं, सांगितलं की निदान एक गोष्ट संपेल. ती संपली नाही, फक्त आता दोघांच्या अंगावर आली.

त्या दिवाळीत भाऊबीजेला गेलो. दाजी आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. बहिणीनं पाट मांडला, ओवाळलं. निरांजन माझ्या तोंडासमोरून फिरत होतं आणि आतून कण्हण्याचा आवाज येत होता. तिनं घाईघाईनं तबक खाली ठेवलं आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून दाजींचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट: "हात लावू नगंस." मी पाटावरून उठलो आणि तिला न सांगता निघालो.

पुढं एक दिवस त्यांचा फोन आला. बऱ्याच महिन्यांनी.

"गाडी टेम्पोत घालून पाठिवलीय. कंपनीतून आल्ती तशी कर."

"दाजी, मग ती तुमाला चालवता येनार न्हाई."

"म्हाईत हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी जे काम आयुष्यभर टाळलं ते करायला बसलो. पुण्याला माझ्या उस्तादांकडं गेलो. ते आता फार थकलेत. मी काय हवं ते सांगितल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं जपलेल्या खोक्यांतून जुनं हँडल काढून दिलं, लिव्हर दिले, टाकीवरचे बिल्ले दिले. "तू कापलेली गाडी, आता तूच जोड," एवढंच म्हणाले. मी साइडकार सोडवली. ती अडकवायला चौकटीवर जोडलेले लोखंडी कान कापले. पुढचा भाग परत मागं आणला. पिवळा रंग खरवडला तेव्हा एका जागी, टाकीच्या खाली, शेठच्या वेळचा काळा रंग बोटभर निघाला, त्यावरून नमुना मिळाला. पण एकदा कापलेलं लोखंड परत न कापलेलं होत नाही. जिथं जिथं मी हात घातला होता तिथं तिथं भरून, घासून, रंगवून ते झाकावं लागलं. बघणाऱ्याला कळत नव्हतं. मला अंधारात सुद्धा बोट ठेवून सांगता आलं असतं कुठं काय आहे.

गाडी मी स्वतः टेम्पोबरोबर नेली. उतरवून अंगणात उभी केली. काळी, सोनेरी रेघांची, सरळ हँडलची. दाजी बाहेर आले. तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग डाव्या बाजूला उभे राहिले, उजवा हात पलीकडून आणला आणि डाव्या मुठीवरचा क्लच दाबला. सोडला. परत दाबला. केबल नवी होती, लिव्हर हलका चालत होता. तेवढ्यात त्यांच्या कपाळावर घाम आला. ते हँडलवर डोकं टेकून उभे राहिले. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि थांबलो. कळ गेल्यावर ते सरळ झाले, टेम्पोवाल्याला म्हणाले, "गोठ्यात लाव," आणि आत गेले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

मी आता गाड्या बदलत नाही. शेडमध्ये गेटं करतो, खिडक्यांच्या जाळ्या करतो, शेतातल्या पाइपलाइनचे सांधे मारतो. मागच्या महिन्यात ओतूरचा एक जण मोबाइलवर फोटो घेऊन आला, उंच हँडल पाहिजे म्हणून. मी नाही म्हणालो. आठवड्यानं तो फाट्यावरून गेला, दुसरीकडून करून घेतलेल्या हँडलला हात वर करून धरलेला. मी रस्त्यावर धावत गेलो आणि ओरडलो, थांब, सांधा बघू दे. त्याला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल, त्याला वाटलं असेल मिस्त्री कौतुक करतोय. त्यानं हॉर्न वाजवला आणि गेला.

बहिणीचा फोन येतो. दाजी आता घाटावर जात नाहीत. घरातही फार बोलत नाहीत. ती म्हणते, कळा वाढल्यात, डॉक्टर गोळ्या बदलून देतात, त्यानं नुसती झोप येते. परवा म्हणाली, "दादा, तुज्याशिवाय त्येंचं कुनाशी जमत न्हाई. तू यिऊन दोन शब्द बोललास तर त्येंना बरं वाटंल. यीन म्हनतूस आनि येत न्हाईस."

मी म्हणालो, "येतो. कामाची गडबड हाय जरा."

"कंदी येतूस?"

"ह्या रविवारी."

रविवार होऊन गेला. मी शेडमध्ये होतो. कुणाच्यातरी गेटाला कड्या लावत होतो.